गजोबांचा उजवा कान

फार पूर्वी एका रानात एक विसरभोळा वाघ राज्य करत होता, आणि तरीही रानाचं बरं चाललं होतं. रोज सकाळी उठला की तो विचारायचा, "मी कोण आहे?" आठवणी सांभाळणारं कासव सांगायचं, "आपण वाघ, महाराज." इतर प्राण्यांचे प्रश्न साळूबाई साळुंकी कासवाकडे न्यायची. तिला एका दमात तीनच शब्द बोलता येत, पण कासवाला तेवढे पुरत.

पुढे कासव थकलं आणि गजोबा हत्ती आले. त्यांच्या डोक्यात नदीच्या दोन्ही काठांच्या आठवणी मावत. पण तीन शब्दांत प्रश्न सांगायचा की काठ?

"चार शब्दांचा पोपट नेमा," कोल्हा म्हणाला.

नोकरी जाणार म्हटल्यावर साळूबाईला युक्ती सुचली. तिने गजोबांचा डावा कान ओढला की ते अलीकडचं सांगत, उजवा ओढला की पलीकडचं, आणि दुसरा कान ओढेपर्यंत त्याच काठाचं सांगत राहत.

एका संध्याकाळी पलीकडचं काम उरकून ती तशीच घरट्यात गेली. सकाळी वाघाने विचारलं, "मी कोण आहे?"

"तू ससा," गजोबा म्हणाले. "वाघ दिसला की पळ."

वाघ ओढ्यावर पाणी प्यायला गेला. पाण्यात त्याला वाघ दिसला. दुपारी तो सशाच्या बिळात सापडला, म्हणजे डोकं तेवढं आत होतं.

"पलीकडे हे एका सशाने विचारलं होतं," गजोबा शांतपणे म्हणाले.

"आता तरी पोपट नेमा!" कोल्हा ओरडला.

"नेमा की, कोल्होबा," साळूबाई दमादमाने म्हणाली. "पण महाराज... तीनच शब्द... विचारतात ना?... काठ कुठे सांगतात?"

तेव्हापासून घरट्यात जाण्याआधी ती आठवणीने डावा कान ओढून जाते. वाघ मात्र अजून डोळे मिटूनच पाणी पितो.