श्रेष्ठीची बाग आणि कुंभारांची वाट

पूर्वी शंखवती नगरीत दृढवीर्य राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वेशीबाहेरच्या कुंभारवाड्यात जन्मला. त्याचे नाव सोमक. आईबाप लवकर गेल्यामुळे तिष्या नावाच्या आत्याने त्याला वाढवले होते.

कुंभारवाड्याजवळ एक तळे होते. उन्हाळ्यात पाणी आटले की दीड-दोन महिने तळाची चिकणमाती उघडी पडे. तेवढ्या दिवसांत वर्षभराची माती आणून साठवायची. तळे पुन्हा भरले की चाकावर ठेवायला काही मिळत नसे.

तळ्याची वाट सुभूषण श्रेष्ठीच्या जमिनीवरून जात होती. श्रेष्ठीने तिथे आमराई लावली. झाडे फळांना आली, त्या पहिल्या वर्षी त्याने कुंपण हातभर पुढे घेतले. हातभर जागेसाठी काय भांडायचे, म्हणून कुंभार गप्प बसले. दुसऱ्या वर्षी वाटेत बसायला ओटा आला. गाढवे ओट्याला वळसा घालून जाऊ लागली. तिसऱ्या उन्हाळ्यात तळे आटले, तेव्हा वाट माती टाकून बुजवलेली होती आणि तिच्यावर आडवी भिंत उभी होती.

आता टेकडीला वळसा घालून तीन कोस चालावे लागे. जिथे गाढवाच्या दिवसाला चार खेपा होत, तिथे एक होऊ लागली. एवढ्या मातीत कुंभारवाड्याचे चार महिनेही निघाले नसते.

"तीन वर्षं आपण गप्प बसलो, म्हणून ही भिंत उभी राहिली," असे म्हणून सोमकाने राजाकडे दाद मागितली.

सभेत श्रेष्ठीने ताम्रपट वाचून दाखवला. ही जमीन राजाच्या पणजोबांनी श्रेष्ठीच्या आजोबांना दिली होती.

राजाने विचारले, "सोमका, जमीन कोणाची आहे?"

"श्रेष्ठींची, महाराज."

तिष्या आत्याने कपाळावर हात मारला. "घ्या! वकिली करायला गेला आणि घर देऊन आला!"

सभा हसली. सोमक शांतपणे म्हणाला, "जमीन त्यांचीच आहे. पण तिच्यावरून तळ्याला जायचा हक्क आमचा आहे. एकाची जमीन आणि दुसऱ्याची वाट एकाच मातीत नांदू शकतात. त्यांनी आंबे लावावेत, विकावेत. आमचे पाय मात्र त्यांना अडवता येणार नाहीत."

"पाऊलखुणा दाखव मग!" श्रेष्ठी हसून म्हणाला. "माझ्या बागेत गवताशिवाय काही दिसत नाही."

"खणून दाखवतो," सोमक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा स्वतः आमराईत आला. सोमकाने भिंतीपाशी कुदळ मारली. वीतभर मातीखाली खणखण आवाज झाला आणि लाल-काळ्या खापऱ्यांचा थर उघडा पडला. दहा पावलांवर खणले, तिथेही तोच थर. थेट तळ्यापर्यंत तो पट्टा सरळ गेला होता.

"हे काय आहे?" राजाने विचारले.

तिष्या आत्या पुढे आली. "महाराज, भट्टी उघडली की तडकलेली मडकी आम्ही घरात ठेवत नाही. वाटेवर फोडतो, म्हणजे गाढवांचे पाय चिखलात रुतत नाहीत. माझ्या आईने फोडली, तिच्या सासूने फोडली. या शेठजींच्या झाडांखाली आमच्या सात पिढ्यांची फुटकी मडकी आहेत. विचारा त्यांना, हे आंब्याचं खत आहे का?"

लोक खो खो हसले. श्रेष्ठीचा चेहरा उतरला, पण तो हुशार होता. हात जोडून तो म्हणाला, "महाराज, हे लोक इथून जात होते हे खरं. माझे वडील आणि आजोबा दयाळू होते, त्यांनी जाऊ दिलं. मीही जाऊ देतो. भिंतीत दार करतो. वर्षातून एकदा यांच्यापैकी एकाने यावं, माझ्या उंबऱ्यावर एक घागर ठेवावी आणि वाट मागावी. एवढंच."

एक घागर! कुंभारांनी आनंदाने आरोळी ठोकली. राजाही खूश झाला. "धन्य आहे श्रेष्ठी! सोमका, झालं ना तुझं काम?"

"नाही, महाराज. असं दार आम्हाला नको."

 मग कुंभारच त्याच्यावर तुटून पडले. "अरे, डोकं फिरलं का तुझं? तळं कधी भरेल सांगता येत नाही आणि तू उघडं दार लावून घेतोस?" आत्याने त्याचा दंड धरला. "बाळा, एक घागर रे! मी घडवते, मी नेऊन ठेवते. तू फक्त हो म्हण."

राजाही चिडला. "एक घागर तुला जड झाली?"

"घागर हलकी आहे, महाराज. श्रेष्ठींच्या घरी लग्न असेल तर शंभर घागरी प्रेमाने देईन. पण वाट मागण्यासाठी एकही देणार नाही. जी गोष्ट मागावी लागते ती नाकारता येते. आज श्रेष्ठी हो म्हणतील, उद्या त्यांचा मुलगा नाही म्हणेल. त्या दिवशी आमची नातवंडं कुठल्या तोंडानं हक्क सांगतील? दरवर्षी उंबऱ्यावर ठेवलेली घागरच त्यांच्याविरुद्ध साक्ष देईल, की वाट कधी तुमची नव्हतीच. श्रेष्ठी म्हणतात, त्यांच्या आजोबांनी आम्हाला जाऊ दिलं. तसं असेल तर आजोबा आधी आले आणि वाट नंतर पडली. महाराज, जमीन देताना रोवलेला तो सीमेचा दगड उचलून बघा."

बागेच्या कोपऱ्यात राजमुद्रा कोरलेला दगड होता, आणि खापऱ्यांचा पट्टा नेमका त्याच्या दिशेने जात होता. तो उचलू नये, असे श्रेष्ठी परोपरीने सांगू लागला. राजाने दगड उचलायची खूण केली. आठ माणसांनी पहारी लावून दगड उलटा केला.

दगडाखाली खापऱ्या होत्या. दाबून दाबून दगडासारख्या घट्ट झालेल्या, वीतभर जाड.

राजा खाली वाकला आणि खापऱ्यांचा थर चाचपू लागला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "माझ्या पणजोबांनी ही जमीन दिली तेव्हा वाट इथे आधीच होती. त्यांनी जमीन दिली, वाट दिली नाही. देऊ शकतही नव्हते, कारण ती राजाचीही नव्हती. ती चालणाऱ्यांची होती. श्रेष्ठी, तुझे कुंपण, ओटा आणि भिंत, तिन्ही अतिक्रमणे आहेत. सूर्य मावळायच्या आत काढ."

कुंभारवाड्यातून असा जयघोष उठला की गाढवेही ओरडू लागली. कुणाला विचारायचे नव्हते, कुणाचे उपकार नव्हते! लोकांनी स्वतःच भिंतीला हात घातला. सर्वात आधी तिष्या आत्याने वरची वीट काढून खाली टाकली आणि भाच्याकडे पाहून म्हणाली, "लहानपणापासून हट्टी आहेस. बरं झालं, मोडला नाही तुझा हट्ट."

राजा प्रसन्न झाला होता. तो म्हणाला, "सोमका, श्रेष्ठीला शिक्षा म्हणून ही सगळी आमराई मी कुंभारवाड्याला देतो."

फळांनी लगडलेली दोनशे झाडे होती. कुंभारांचे डोळे लकाकले.

"नको, महाराज," सोमक म्हणाला. "भरलेली दोन गाढवं एकमेकांना न घासता जातील एवढी रुंदी आमची. त्याच्यापुढचं हातभर जरी घेतलं, तरी आम्ही आज जे पाडतोय तेच बांधायला लागलो असं होईल."

हे ऐकून श्रेष्ठी खाली बसला आणि पहिल्यांदाच त्याने मान खाली घातली. मग तो उठला, कुदळ घेतली आणि स्वतःचा ओटा स्वतः फोडू लागला. त्या संध्याकाळी मातीने भरलेली चाळीस गाढवे आमराईतून एका रांगेत घरी आली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका विहारात सांगितली. श्रोत्यांत एक गृहस्थ होता. त्याने गावाच्या पाणवठ्याच्या वाटेवर गोठा सरकवला होता आणि बायकांना घागरी घेऊन जाऊ देतो म्हणून तो स्वतःला दयाळू समजत होता. शास्ते म्हणाले, "त्या वेळचा सुभूषण श्रेष्ठी म्हणजे हाच गृहस्थ. राजा म्हणजे आज तुमच्या गावाचा न्याय करणारा वृद्ध ग्रामणी. आत्या म्हणजे ती समोर बसलेली, गोठ्याबद्दल तक्रार घेऊन आलेली म्हातारी. आणि सोमक कुंभार मीच होतो."

गृहस्थ उठला, सर्वांना वंदन केले आणि गोठा काढायला निघाला. म्हातारीही काठी टेकत त्याच्या मागे गेली. काम पुरे होते की नाही, हे तिला डोळ्यांनी बघायचे होते.

जे आपले आहे ते भीक म्हणून घेऊ नये आणि जे आपले नाही ते बक्षीस म्हणूनही घेऊ नये. त्या जन्मी बोधिसत्त्वाने पूर्ण केली ती ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.