भर दुपारची करकर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की त्या राज्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. तिथला राजा मोठा शांत म्हणून ओळखला जायचा. दरबारात कुणी कितीही वेडंवाकडं बोललं तरी तो आवाज चढवत नसे. राग आला की तो नुसता हसायचा, आणि हसताना जबडा घट्ट आवळायचा. लोक म्हणायचे, "असा सोशिक राजा भाग्यानेच मिळतो."

एका उन्हाळ्यात राजवाड्यात एक आवाज येऊ लागला. भर दुपारी सगळीकडे सामसूम झाली की भिंतीपलीकडून करकर ऐकू यायची. जणू कुणी ओलं हाड दगडावर घासतंय. दासी हातातलं काम टाकून पळायच्या. तबेल्यातले घोडे कान टवकारून थरथरायचे.

राजाला मात्र तो आवाज कधीच ऐकू आला नाही. तो जेवून झोपलेला असायचा. कुणी घाबरून दाराबाहेरूनच त्याला हाक मारली, की त्याने डोळे उघडताच करकर थांबायची. राजा दालनात उभा राहून कान द्यायचा. काहीच नाही. 'मला पाहून ते लपतं,' या विचाराने त्याच्या अंगावर काटा यायचा. रोज उठल्यावर कानशिलं ठणकत असायची.

"ते माझा जीव शोषतंय," तो राणीला म्हणाला. राणीने तोंड उघडलं, पण काही न बोलता मिटलं.

राजाने भिंत फोडायला लावली. आत नुसती माती निघाली.

मग कुणीतरी कुजबुजलं, की म्हातारा द्वारपाल धाकोजी दुपारी एकटाच मंत्रासारखं काहीतरी पुटपुटत असतो. धाकोजी देवाचं नाव घ्यायचा. पण राजाने त्याला एका शब्दाने विचारलं नाही. तो हसला, जबडा आवळला आणि म्हाताऱ्याला हद्दपार केलं. बायकोचा हात धरून धाकोजी रणरणत्या उन्हात वेशीबाहेर गेला.

दुसऱ्या दुपारी करकर पुन्हा आली, आधीपेक्षा मोठी. आणि राजा दाढ धरून किंचाळतच उठला.

दंतवैद्य बाईंना बोलावणं गेलं. त्यांनी राजाचं तोंड उघडून पाहिलं आणि एकेक दाढ बोटाने चाचपली. मग मऊ मेणाची वडी पुढे करून म्हणाल्या, "महाराज, ही दातांत धरून झोपा. मी इथेच बसते."

राजा उठला तेव्हा मेणाच्या चिंध्या झाल्या होत्या. एखाद्या श्वापदाने लचके तोडावेत, तसे त्यावर घाव होते.

"हे कुणी केलं?" राजाने विचारलं.

बाईंनी दुसरी वडी दिली. "चावा."

दोन्ही वड्यांवरच्या खुणा तंतोतंत जुळल्या.

"महाराज, तुम्ही झोपेत दात खाता. जागेपणी गिळलेला राग झोपेत बाहेर येतो. दाढा झिजून सपाट झाल्यात. एक तर मुळापर्यंत चिरलीय."

"मला संशय होता," राणी हळूच म्हणाली. "सांगायची भीती वाटली."

राजाने आपल्या जबड्यावर हात ठेवला आणि तो गारठला. जे तो भिंतीत शोधत होता, ते त्याच्याच उशीवर झोपत होतं.

बाईंनी चिरलेली दाढ काढली. बारीक भेगा बुजवल्या, झिजलेल्या दाढांवर सोन्याच्या टोप्या बसवल्या. झोपताना दातांत धरायला मऊ कातड्याची पट्टी दिली. "दिवसाही ओठ मिटलेले असू देत, पण दात एकमेकांना टेकू देऊ नका," त्या म्हणाल्या. "राग आला तर त्या क्षणी बोला. जे मोडलं ते मी सांधलं. सवय तुम्हालाच मोडायची आहे."

करकर थांबली. राजा स्वतः धाकोजीला शोधत निघाला. परमुलखातल्या एका झोपडीत म्हातारा भेटला.

"चूक माझी होती. परत चल," राजा म्हणाला.

धाकोजीने हात जोडले. "आवाज थांबला, बरं झालं महाराज. पण माझी बायको वाटेतल्या उन्हानेच गेली. आता त्या दारात मी कुणासाठी उभा राहू?"

राजा खाली मान घालून माघारी फिरला.

म्हणून लहानथोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: वेळीच शब्दांत न सांगितलेला राग आधी आपले दात झिजवतो, आणि मग दुसऱ्याचं घर मोडतो.