एक फेरी

"मग मी चुकलो कुठं, वस्ताद?"

रणदिवे सर शाळेत पी.टी. शिकवतात. रविवार होता, तरी गळ्यात शिट्टी होती.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यांचे तालमीतले वस्ताद. वर्षापूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. डाव्या हातानं सदऱ्याचं वरचं बटण लावणं चाललं होतं.

या घरात येऊन मला तीन महिने झाले. पहिल्या आठवड्यात शिकले ते एवढंच, की त्या बटणाला हात लावायचा नाही.

"सहावीच्या पोरांना म्हटलं, व्यायामाचं आपापलं ध्येय वहीत लिहा. ही तनुजा लिहिते, मैदानाला एक फेरी. एक! मी खोडून दहा केलं."

"तिच्यासमोर?"

"वर्गासमोर. टाळ्यासुद्धा वाजवल्या. चौथ्या फेरीला पडली. पोरं हसली..."

"मग?"

"महिना झाला, शाळेत नाही. घरी गेलो, तर आतून कडी. आई म्हणते, आता घरकामच शिकू दे तिला."

बटण काजापाशी आलं आणि निसटलं.

"तुम्ही माझ्या वीस जोरांचे शंभर केलेत, वस्ताद. म्हणून तर मी घडलो."

"तुझ्या जोडीला केरबा होता."

"तो? तो तालीम सोडून पळाला."

"त्याचेही शंभर केले होते मी."

"कुठं असतो आता?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही. त्याच्या दारात मी कधी गेलोच नाही."

चहावर साय धरली. सरांना राहवलं नाही. "द्या, मी लावतो," म्हणत ते वाकले आणि पाचही बटणं झटक्यात लावून मोकळे झाले.

मी मान खाली घातली.

मामंजींनी सदऱ्याकडं पाहिलं. मग डाव्या हातानं एकेक बटण पुन्हा काढलं. शेवटचं निघेना. सरांचा हात पुढं आला, अर्ध्यात थांबला.

"आज... किती लावायची होती?"

"एक."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढली, मुठीत धरली. म्हणाले, "पण ती दार उघडत नाही, वस्ताद. मी करू काय तिथं?"

मामंजींनी वरचं बटण चिमटीत धरलं.

"बसायचं. हात मांडीखाली घेऊन."