टिचकी म्हणते, चूल पेटेना!

घाटमाथ्यावर एक घर. घरात मातीची चूल. चुलीमागे राहायची टिचकी उंदरी. शेपटीसकट टीचभर!

एक दिवस काय झालं? धप्प! मातीची चूल मोडली. टिचकीची ऊब गेली. हुडहुड हुडहुड!

मग नवी चूल आली. लोखंडाची. काळी काळी. तिला एक छोटं दार. पण ती बसली कुठे? अंगणात! आता काय म्हणावं या घराला?

टिचकी निघाली. तुरूतुरू तुरूतुरू.

"चूलबाई, चूलबाई, पेट ना गं!
मला वाजते थंडी, हुडहुड हुडहुड!"

"मी नाही पेटणार! आधी धुराडं चढू दे. नाहीतर घरभर धूर. खॉक खॉक!"

धुराडं म्हणजे धूर नेणारं लांब नळकांडं. ते अंगणात आडवं पडलं होतं. तुरूतुरू तुरूतुरू.

"धुराड्या, धुराड्या, चढ ना रे!
चूल पेटेना,
मला वाजते थंडी, हुडहुड हुडहुड!"

"मी नाही चढणार! आधी मामांना कौल काढू दे. कौलं फोडून जाऊ की काय?"

गेनूमामा बसले होते छपरावर. तुरूतुरू तुरूतुरू.

"मामा, मामा, कौल काढा ना हो!
धुराडं चढेना,
चूल पेटेना,
मला वाजते थंडी, हुडहुड हुडहुड!"

"मी नाही काढणार! कुठलं काढू? आधी आत्याला जागा देऊ दे. सकाळपासून बसलोय इथं. जा, चुलीत जा!"

"अहो, तिथंच तर जायचंय! पेटतेय कुठं?"

हौसाआत्या उभी होती घरात. कमरेवर हात. तुरूतुरू तुरूतुरू.

"आत्या, आत्या, जागा दे ना गं!
मामा कौल काढेनात,
धुराडं चढेना,
चूल पेटेना,
मला वाजते थंडी, हुडहुड हुडहुड!"

"कुठली देऊ? चूल बसणार आग्नेय कोपऱ्यात. तो अग्नीचा कोपरा. आणि तिथंच आबांची खाट! आधी आबांना हलू दे. जा, चुलीत जा!"

"अगं, तिथंच तर जायचंय! पेटतेय कुठं?"

तुरूतुरू तुरूतुरू.

"आबा, आबा, हला ना हो!
आत्या जागा देईना,
मामा कौल काढेनात,
धुराडं चढेना,
चूल पेटेना,
मला वाजते थंडी, हुडहुड हुडहुड!"

"मी नाही हलणार! पायांवर मनी झोपलीय. झोपलेल्याला उठवू नये. आधी मनीला उठू दे. जा, चुलीत जा!"

"अहो, तिथंच तर... जाऊ दे!"

मनी म्हणजे मांजर. जाडजूड मांजर! टिचकी हळूच गेली. तुरू... तुरू...

"मनीमावशी, मनीमावशी, ऊठ ना गं!
आबा हलेनात,
आत्या जागा देईना,
मामा कौल काढेनात,
धुराडं चढेना,
चूल पेटेना,
मला वाजते थंडी, हुडहुड हुडहुड!"

मनीने एक डोळा उघडला. "मी नाही उठणार! केवढी थंडी! आधी चूल पेटू दे."

काय? चूल? फिरून फिरून भोपळे चौकात!

टिचकी मटकन खाली बसली. मग तिला आला राग. असा राग, असा राग! भीती गेली चुलीत! तिने मनीची शेपटी धरली आणि... कच्च!

"म्याँऽऽव!"

टिचकी पळाली. तुरूतुरू तुरूतुरू. मनी मागे. धबाधब धबाधब. अंगणात नवी चूल. छोटं दार उघडं. टिचकी आत. खट्ट!

मनी उठली, तसे आबा हलले. आबा हलले, तशी खाट सरकली. आत्याने जागा दिली. सगळ्यांनी चूल उचलली. हय्या हो! कोपऱ्यात ठेवली, भिंतीपासून वीतभर लांब. भिंत तापायला नको ना! मामांनी पुन्हा छपरावर चढून बरोब्बर वरचं कौल काढलं. धुराडं चढलं छपराच्याही वर.

आत्याने लाकडं आणली. चुलीचं दार उघडलं. आतून आवाज, "चूं चूं!"

"अगं बाई! टिचके, चुलीतून नीघ!"

"टिचके, चुलीतून नीघ!" मामा छपरावरून ओरडले.

"चुलीतून नीघ!" आबासुद्धा ओरडले.

टिचकी बाहेर आली. आता तिचे हात कमरेवर.

"सगळे म्हणता चुलीत जा. गेले, तर म्हणता चुलीतून नीघ. एकदाचं ठरवा बाई!"

सगळे खो खो हसले. आत्याने काडी ओढली. भग्ग! चूल पेटली. धूर वर गेला. घर उबदार झालं.

टिचकी शिरली चुलीमागे, त्या वीतभर जागेत. टिचकी मावली. मनी मावली नाही!

चूल पेटली, गोष्ट विझली. आणि तुम्ही? जा, पांघरुणात जा!