आढ्यावरची मोडकी पाती

फार पूर्वी, लोहाराच्या भात्याच्या आवाजानं गाव जागं व्हायचं त्या काळात, डोंगराच्या पायथ्याशी मध काढणाऱ्यांचं एक गाव होतं. उन्हाळा लागला की इथली माणसं आठ-दहा दिवसांसाठी रानात शिरत. खांद्यावर दोर, पाठीला टोपली आणि कमरेला सुरी. बाकी सगळं रान देतं, असं ती म्हणत. सुरी मात्र लोहाराकडूनच घ्यावी लागे. तिनंच लाकूड तोडायचं, तिनंच पोळं कापायचं आणि वेळ आली तर तिनंच जीव वाचवायचा. म्हणून पोरीला नवरा बघताना होत नसे एवढी चौकशी त्या गावात सुरी घेताना होई.

त्या गावात एक म्हातारा वाटाड्या होता. तीस वर्षं त्यानं माणसं रानात नेली आणि सगळी परत आणली. गुडघे थकले तेव्हा त्यानं आपला दोर लेकीच्या खांद्यावर दिला. लेकीचं नाव सोनकी.

"दोर तुझा झाला," तो म्हणाला. "आता सुरी तुझी तू निवड. माझी झिजून गेलीय."

खरंच, दगडावर घासून घासून त्याच्या सुरीचं पातं बोटाएवढं उरलं होतं. मूठ मात्र घट्ट होती, आणि तीस वर्षांच्या हातानं तिला चकाकी आली होती.

त्या पंचक्रोशीत तीन लोहार होते. पेठेतल्या लोहाराच्या सुऱ्या आरशासारख्या. त्याच्या दुकानात बायका सुरी बघता बघता कुंकू नीट करून घेत. दुसरा वेशीवरचा लोहार. तो मोठा हिकमती. त्यानं सुरीची मूठ आतून पोकळ केली होती आणि तिला फिरकीचं झाकण लावलं होतं. आत चकमक, सुई-दोरा आणि चिमूटभर मीठ. "सुरी घ्या, संसार फुकट," असं तो ओरडून सांगे. तिसरा नदीपलीकडचा लोहार. तो आता म्हातारा झाला होता. त्याची सुरी काळी, साधी, ओबडधोबड. महिन्यात चार झाल्या तर झाल्या.

सोनकीनं तिघांनाही बाजाराच्या दिवशी पारावर बोलावलं. सगळं गाव जमलं. आधी दोर कापायचा, मग बांबू फोडायचा, शेवटी खैराच्या गाठीवर घाव घालायचा, असं ठरलं.

पेठेतल्या सुरीनं दोर लोण्यासारखा कापला, बांबूही फोडला, पण खैराच्या गाठीवर तिला दोन दाते पडले. वेशीवरची सुरी तिन्ही कामांत सरस ठरली. वर लोहारानं मूठ उघडून सोनकीच्या तळहातावर मीठ ठेवलं, तेव्हा लोकांनी टाळ्याच वाजवल्या. नदीपलीकडची सुरी गाठीत शिरली आणि अडकली. ओढून काढली तर टोकाशी किंचित वाकलेली. म्हाताऱ्यानं ती दगडावर ठेवून ठोकून सरळ केली आणि शांतपणे पुन्हा मांडली. लोक हसले. हीच सुरी वेशीवरच्या लोहाराची असती तर "बघा, वाकते पण मोडत नाही" म्हणून वाहवा झाली असती. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय.

संध्याकाळी वाटाड्यानं लेकीला विचारलं, "कोणती घेतेस?"

"वेशीवरची."

"घे. पण आधी तिघांच्या घरी जा आणि एकच गोष्ट माग. म्हणावं, तुमच्या हातची मोडलेली सुरी दाखवा."

सोनकी गेली. पेठेतला लोहार रागावला. "माझी सुरी मोडत नाही. गिऱ्हाइकं मोडतात," तो म्हणाला. वेशीवरचा हसला. "मोडलेलं? अगं, मोडलं की भट्टीत. माझ्याकडं सगळं नवंच असतं."

नदीपलीकडच्या म्हाताऱ्यानं मात्र शिडी लावली आणि आढ्याला टांगलेली मोळी खाली काढली. तीस-चाळीस मोडकी पाती. कुणाचं टोक गेलेलं, कुणी मध्येच दुभंगलेलं. प्रत्येकाला एक दोरा, आणि म्हाताऱ्याला प्रत्येकाची कथा पाठ. "तापलेली असताना हिला पाणी जास्त दिलं. ही थंडीत मोडली, कडक झाली होती." तो सांगत राहिला. सगळ्यात आत एक पातं काळ्या दोऱ्यात बांधलेलं होतं. त्याच्याबद्दल तो काही बोलला नाही.

सोनकीला त्याची दयाच आली. घरी येऊन ती म्हणाली, "आबा, बरं झालं विचारायला पाठवलंस. त्या म्हाताऱ्याच्या एवढ्या मोडल्यात की मोळी झालीय. त्याच्याकडून कोण घेईल?"

तुझी तू निवड, असं वाटाड्याच बोलून बसला होता, आणि त्या काळी माणसं बोललेला शब्द मागे घेत नसत. त्यानं फक्त आपली झिजलेली सुरी तिच्या कमरेला खोचली. "हीही असू दे. या सुरीला एकदा शेवटचा कडा बघू दे. पुन्हा काही ती जायची नाही."

वेशीवरची सुरी घेऊन सोनकी रानात शिरली आणि चौथ्या दिवशी कड्यावर होती. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक वरच्या चौघांच्या हातात. खाली खोल दरी, समोर आग्या मोहोळ. धूर नीट बसला होता. पोळं निम्मं कापून झालं आणि वारा फिरला. धूर उलटीकडे गेला आणि माश्या उठल्या.

"ओढा," ती ओरडली. वरच्यांनी दोर ओढला, पण तिचा पाय कड्यावरच्या जाड वेलीत अडकला होता. ते वर ओढत होते आणि वेल खाली धरून होती. तिनं नवी सुरी उपसली आणि वेलीवर घाव घातला. एक, दोन. तिसऱ्या घावाला पातं मुठीतून निसटलं आणि दरीत गेलं. आत पोकळी, मग पात्याला धरून ठेवणारं होतं काय? हातात राहिली रिकामी मूठ, आणि तळहातावर चिमूटभर मीठ.

माश्या तोंडावर बसल्या होत्या. डोळे सुजून मिटत आले होते. तिनं चाचपडत आबाची सुरी काढली. ते बोटाएवढं पातं वेलीत शिरलं, अडलं, तिनं हाताची पकड सैल केली नाही, आणि मुठीनंही पात्यावरची पकड सोडली नाही. वेल तुटली. वरच्यांनी तिला ओढून घेतलं.

सूज उतरल्यावर ती रिकामी मूठ घेऊन वेशीवर गेली. लोहारानं मूठ बघितली आणि भंगाराच्या ढिगात भिरकावली. मनानं वाईट नव्हता तो. लगेच नवी सुरी पुढं केली. "ही ने. पैसे नकोत. अगदी तशीच आहे."

"तशीच आहे, तेच तर," सोनकी म्हणाली. सुरी तिथंच ठेवून, ढिगातली मूठ उचलून ती नदी उतरली.

नदीपलीकडच्या म्हाताऱ्यानं ती मूठ दोन्ही हातांनी घेतली. कितव्या घावाला निसटली, हात ओला होता का, वेल हिरवी की वाळलेली, सगळं विचारलं. मग तिला दोरा बांधून मोळीत ठेवू लागला.

"मामा, ही तुमच्या हातची नाही."

"नसू दे. मोडली तर आहे ना. शिकवील काहीतरी."

सोनकीनं मोळीतल्या त्या काळ्या दोऱ्याकडं बोट दाखवलं. "आणि ही?"

म्हाताऱ्यानं ते पातं मांडीवर घेतलं. "ही तुझ्या चुलत्याची. आबाच्या थोरल्या भावाची, दरीतून शोधून आणलेली. लोखंड वाचवायला मी पात्याचं शेपूट मुठीत अर्ध्यावरच सोडलं होतं. तोही कड्यावरच होता, पोरी. त्याच्याजवळ दुसरी सुरी नव्हती." त्यानं काळा दोरा पुन्हा घट्ट केला. "तेव्हापासून माझं पातं मुठीच्या पार शेवटापर्यंत जातं. रोज भट्टी पेटवायच्या आधी मी हिच्याकडं बघतो."

सोनकी धावतच घरी आली. "आबा, तुला ठाऊक होतं?"

"त्यानंच येऊन सांगितलं होतं. तेराव्याच्या आधी, सगळ्या गावासमोर. चूक माझी, म्हणाला. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं."

"तुला राग नाही आला?"

"आला ना. दोन वर्षं त्याच्या सावलीला उभा राहिलो नाही." वाटाड्यानं झिजलेल्या सुरीवरून अंगठा फिरवला. "मग रानात जायची पाळी माझ्यावर आली. जीव कुणाच्या लोखंडावर टांगायचा, ते ठरवायचं होतं. बाकीच्या लोहारांना माझ्या भावाचं नावसुद्धा आठवत नव्हतं. तो एकटा विसरला नव्हता. मी नदी उतरलो."

सोनकी रडली. चुलत्याला तिनं कधी बघितलंही नव्हतं, पण रडली.

म्हाताऱ्या लोहारानं तिच्यासाठी सुरी केली. आधी तिचा पंजा मापला, तिला हवेत वीस घाव घालायला लावले, मग लोखंड तापवलं. बारा दिवस लागले. त्या सुरीनं सोनकी पुढं म्हातारी होईपर्यंत रानात गेली, आणि तिनंही नेलेली सगळी माणसं परत आणली.

आता तो भाता नाही आणि नदीपलीकडची ती झोपडीही नाही. पण जुनी माणसं सांगतात, शेवटी शेवटी पंचक्रोशीतली सगळी मोडकी पाती त्याच आढ्याला येत. पेठेतल्या लोहाराचा मुलगासुद्धा संध्याकाळी तिथं जाऊन बसे आणि एकेक दोरा सोडून विचारी, "मामा, ही कशानं मोडली?"

तात्पर्य: आपलं कधी काही मोडलंच नाही असं सांगणाऱ्यापेक्षा, मोडलेलं डोळ्यांसमोर टांगून ठेवणाऱ्याच्या हाती जीव द्यावा.