घेवड्याची उलटी प्रदक्षिणा

घेवड्याचा वेल खांबाला उलट्या प्रदक्षिणा घालतो, हा शोध राजज्योतिषी धुंडिराजशास्त्र्यांनी लावला आणि कोंडिबा माळ्याच्या जिवाला घोर लागला.

खांब साधासुधा नव्हता. चांदणगडच्या महाराज मकरंदसेनांचा तो विजयस्तंभ होता. विजय कोणता, हे विचारायची त्या राज्यात पद्धत नव्हती. राणीसाहेबांना कोवळ्या शेंगा आवडतात म्हणून कोंडिबाने खांबाच्या बुडाशी घेवडा लावला, एवढाच त्याचा गुन्हा.

महाराजांना मुजऱ्याचं भारी वेड. जे जे डोलतं ते आपल्यालाच मुजरा करतं, असं ते धरून चालत. दरबारात रोज भोवरा फिरवला जाई. फिरता फिरता तो मान डोलवू लागला की महाराज खूश होत, आणि मग सगळे दरबारीही माना डोलवू लागत. ज्याची मान जास्त वेळ डोले त्याला शेला मिळे. काहींच्या माना घरी गेल्यावरही थांबत नसत, असं त्यांच्या बायका सांगत.

तर शास्त्रीबुवांनी महाराजांना सज्ज्यावर नेलं. खाली वेलाचा शेंडा मान वाकवून खांबाभोवती हळूहळू फिरत होता. पाच घटकांत त्याची एक फेरी होई. देवळात प्रदक्षिणा कशी घालतात ते दाखवणारा गोल बाण शास्त्रीबुवांनी चांदीच्या तबकात ओल्या कुंकवाने काढून आणला होता. तबक त्यांनी महाराजांपुढे धरलं. बाण एका दिशेने वळत होता, शेंडा बरोबर उलट्या.

"मुजरा करतो, पण वाकडा," शास्त्रीबुवा म्हणाले. "हा अपमान आहे, महाराज."

सगळ्यांच्या माना डोलल्या.

कोंडिबाने वेल सोडवला, सुलटा गुंडाळला आणि सुतळीने बांधला. दुसऱ्या दिवशी शेंडा सुतळीतून निसटून पुन्हा आपल्याच दिशेने निघाला होता. महाराजांनी कोंडिबाला दरबारात उभं केलं.

"आठ दिवसांत हा वेल या तबकातल्या बाणाप्रमाणे फिरताना दिसला पाहिजे. नाहीतर गाढवावर उलटं बसवून तुला राज्याबाहेर काढीन."

त्याच्या तीन पिढ्या त्या बागेत राबल्या होत्या. त्याने नुसते हात जोडले. त्याच्यामागे त्याची लेक धुरपा उभी होती, हाताला तशीच माती. ती पुढे झाली.

"म्हाराज, एक इचारू? बाणापरमानं फिरल्याला कुणाच्या डोळ्याला दिसाया पायजे?"

"कुणाच्या म्हणजे? माझ्या! या राज्यात दुसऱ्याच्या डोळ्यांना विचारतो कोण?"

"शास्त्रीबुवांच्या बी न्हाई?"

"त्यांच्या तर मुळीच नाही."

शास्त्रीबुवांनी सवयीने याच्यावरही मान डोलावली.

"मग आठ दिस कशाला?" धुरपा म्हणाली. "उद्या सकाळीच या. येताना त्ये तबक आना. बाण मातुर पुसू नगा."

सकाळी महाराज लवाजम्यासह आले. धुरपाने खांबाच्या बुडाशी सतरंजी अंथरून ठेवली होती.

"पडा म्हाराज. उतानं."

"मी? घेवड्याच्या वाफ्यात?"

"वेलाला वर सज्ज्यात बोलवला आसता, पर त्याची मुळं हितं हायत."

महाराज कुरकुरत आडवे झाले. महाराज आडवे असताना उभं राहणं हा त्या दरबारात मोठा गुन्हा. त्यामुळे प्रधान, सेनापती, शास्त्रीबुवा, सगळेच ओल्या वाफ्यात ओळीने आडवे झाले. धुरपाने तबक महाराजांच्या हातात दिलं आणि तोंडासमोर धरायला सांगितलं, बाण दिसेल असं.

महाराज पाहू लागले. मुंग्या चावत होत्या, पण राजहट्ट तो राजहट्ट. दोन घटका गेल्या. महाराजांनी बाण पाहिला, शेंडा पाहिला, पुन्हा बाण पाहिला.

"शास्त्रीबुवा, हा तर बाणाप्रमाणे चाललाय!"

"ही लबाडी आहे, महाराज," शास्त्रीबुवा चिखलातून ओरडले. "वेल तोच, फेरी तीच. खालून पाहिलं म्हणून सुलटी दिसते!"

"मी रोज अळ्या येचाया हितंच उतानी पडते, बुवा," धुरपा म्हणाली. "मला ह्यो कदी उलटा दिसला न्हाई. तुमी वरनं बगता, म्हनून तुमास्नी सगळं उलटं दिसतंय."

महाराज आपल्याच शब्दात अडकले होते. कोंडिबा सुटला हे त्यांना मान्य करावं लागलं, पण ते जाता जाता तरी जिंकायला बघत होते.

"फेरी सुलटी, कबूल. पण मुजरा तर मलाच करतो ना? आणि माझा भोवरा? खरं सांग. गाढव अजून दारातच उभं आहे."

कोंडिबाने लेकीचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला.

"भवरा पडाया आला की मान हालवतो, म्हाराज. वेल आधार हुडकाया हालवतो. दोगांच्या बी मनात तुमी न्हाई."



"आणि हे माझे दरबारी?" महाराजांनी विचारलं.

धुरपाने त्या आडव्या रांगेवरून नजर फिरवली.

"ह्येंना आधार कवाच घावलाय. आता त्यो किती दिस टिकतोय, तेवढं बगत्यात."

 महाराज पोट गदगदा हलवून असे हसले की तबकातलं वाळलेलं कुंकू त्यांच्याच तोंडावर सांडलं. लालभडक तोंडाने ते उठून बसले. ती बाग त्यांनी कोंडिबाला पिढ्यान्‌पिढ्या इनाम दिली आणि चांदीचं तबक धुरपाच्या हातात ठेवलं.

"आणि गाढव आणलंच आहे, तर शास्त्रीबुवांना त्याच्यावर बसवून घरी सोडा," महाराज म्हणाले.

"उलटं बसवायचं की सुलटं?" शिपायाने विचारलं.

"ते गाढवाच्या पोटाखाली जाऊन बघ आणि ठरव."

यावर मान डोलवावी की नाही, हे दरबाऱ्यांना काही केल्या कळेना.