कोरडे तीन दिवस

"पण मग लोक येत का नाहीत, भंते?"

शलाकाने पुन्हा तेच विचारलं.

भंते विनयबोधी विहाराच्या ओसरीवर चिवराला ठिगळ लावत बसले होते. सुईत दोरा जात नव्हता. त्यांनी तो ओठांनी ओला केला, पुन्हा प्रयत्न केला.

"कुठे येत नाहीत?"

"माझ्याकडे."

डॉक्टर शलाका रामटेके नव्या व्यसनमुक्ती केंद्राची प्रमुख होती. जागा निवडण्यापासून सगळी आखणी तिचीच. हवेशीर खोल्या, मागे बाग, बोलून समजूत काढणारी शिकलेली माणसं, घरच्यांना राहायला वेगळी सोय. लांबलांबचे डॉक्टर येऊन केंद्र बघून गेले आणि तोंड भरून कौतुक करून गेले.

खाटा मात्र रिकाम्या होत्या.

आणि तलावाकाठच्या गावांत गल्लीगल्लीत मोहाची दारू गाळली जात होती. पिणाऱ्यांची काही कमी नव्हती. त्यातले कितीतरी जण या विहारात येऊन बसतात, असं शलाकाच्या कानावर आलं होतं. इथे ना औषध, ना डॉक्टर. मग इथे काय आहे? हे कुतूहल तिला स्वस्थ बसू देईना. कॉलेजच्या दिवसांपासून ती भंतेंना ओळखत होती, म्हणून दुपारीच गाडी काढून आली होती.

"तुम्ही त्यांना काय देता?"

"पाणी मागितलं तर पाणी."

"आणि?"

"आणखी काही मागत नाहीत."

शलाकाला हसू आलं. भंते असेच. त्यांच्याकडून उत्तर काढून घ्यायचं म्हणजे विहिरीतून पोहरा ओढण्याइतका वेळ लागायचा.

"तुझ्याकडे कोण येतं?" आता भंतेंनी विचारलं.

"ज्याची सोडायची खरी इच्छा आहे, तो."

"इच्छा खरी आहे, हे तुला कसं कळतं?"

"त्यासाठी नियम केलाय. तीन दिवस कोरडं राहून दाखवायचं. मग भरती."

भंतेंचा हात थांबला. चेहऱ्यावर टीका नव्हती. एखादी नवी गोष्ट ऐकल्यासारखे ते बघत होते.

"जो तीन दिवस राहू शकतो, त्याला तुझी गरज काय?"

हा प्रश्न येणार, हे तिला ठाऊक होतं.

"सोडणं एक वेळ जमतं, भंते. सुटलेलं टिकवणं अवघड. आमचं काम तिथून पुढचं आहे. सुरुवातीला आम्ही सगळ्यांना घेत होतो. लोक झिंगून यायचे, मारामाऱ्या करायचे, दुसऱ्या दिवशी भिंतीवरून उडी मारून पळायचे. ज्यांना मनापासून बरं व्हायचं होतं, त्यांना त्रास व्हायचा."

"हं... खरं आहे."

भंतेंनी हे इतक्या सहज मान्य केलं की शलाकाच थोडी गोंधळली. वाद घालायची तयारी करून ती आली होती.

"आणि ते तीन दिवस माणसाने कुठे काढायचे?"

"मोठ्या दवाखान्यात. मी तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. त्यांच्या देखरेखीखाली दारू तोडायची आणि मग आमच्याकडे..."

तेवढ्यात विहाराच्या मागच्या बाजूने एक माणूस भिंतीला धरत धरत आला. चाळिशीचा असेल. अंगावर स्वच्छ धुतलेला सदरा, पण घामाने भिजलेला. हात लटलट कापत होते.

"हिरामण आहे," भंते म्हणाले. "सकाळीच आला. मागे निजला होता."

हिरामण ओसरीच्या कडेला बसला. शलाकाकडे बघून त्याने हात जोडले. ती कोण, हे त्याला माहीत नव्हतं.

"कसं वाटतंय?" भंतेंनी विचारलं.

"बरं आहे जी. काल सकाळपासून थेंब पेलो नाही." त्याचे दात वाजत होते. "उद्या तिसरा दिवस. मंग ते घेतेत मले. तसं त्या केंद्राच्या पाटीवर लिवलं आहे."

शलाका त्याच्या हातांकडे बघत होती.

"घरी राहिलो तर पेईन, म्हणून इथं आलो. पोरीचं लगन ठरलं आहे जी. मांडवात सुदा, न डोलता उभं राहायचं आहे मले."

"मोठ्या दवाखान्यात गेला होतात?" शलाकाने विचारलं.

"तिथं कायले, बाई? पाटीवर दवाखान्याचं काही नाही."

नव्हतंच. पाटीचा मजकूर तिनेच सांगितला होता. थोडक्यात असावा, लांबून वाचता यावा, असा.

हिरामण दंडावरून काहीतरी झटकायला लागला. आधी हळू, मग जोरजोरात.

"काय आहे?" भंते पुढे सरकले.

"मुंग्या. लाल मुंग्या आहेत जी."

दंडावर काही नव्हतं. भंतेंनी वाकून नीट पाहिलं. मग चिवराच्या टोकाने त्याचा दंड हलक्या हाताने पुसू लागले.

"गेल्या का?"

"इकडं आल्या आता... मानेवर."

भंतेंनी मानेवरूनही हात फिरवला.

शलाका तोवर उठली होती. तिने हिरामणची नाडी धरली, डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि धावत गाडीतून बॅग आणली.

"हे काय आहे, शलाका?"

"दारू एकदम तोडली की होतं. आधी थरथर, मग भास, मग झटके. यात माणूस जातोही, भंते."

भंतेंचा हात हिरामणच्या मानेवरच राहिला.

"हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, हा त्याचा निर्धार आहे. सकाळपासून त्याला शाबासकी देतोय."

शलाका इंजेक्शन भरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "निर्धारच आहे तो."

सुई टोचल्यावर तिने केंद्रात फोन लावला. ठवरे सिस्टर बोलत होत्या.

"एक पेशंट घेऊन येतेय. खाट तयार ठेवा, सलाईन लावावं लागेल."

"हो मॅडम. तीन दिवस झालेत ना त्यांचे?"

"नाही."

सिस्टरांनी आवाज खाली आणला.

"मॅडम, गेल्या आठवड्यात आपण एकाला परत पाठवलं होतं. असाच कापत होता तो. म्हणून विचारते... नियम बदललाय का?"

शलाकाला तो माणूस आठवेना. तिने त्याला पाहिलंच नव्हतं. फाटकावरूनच परत गेला होता तो.

"कुठल्या गावचा होता? पत्ता आहे?"

"नाही, मॅडम. भरती नाही, तर पत्ता कशाला घेणार?"

हिरामणला दोघांनी मिळून गाडीत बसवलं. वाटेत त्याला एक झटका आला. पण औषध अंगात भिनलेलं होतं, शलाका जवळ होती, निभावलं.

त्या आठवड्यात पाटी उतरली. केंद्राच्या पुढच्या दोन खोल्या दारू तोडण्याच्या दिवसांसाठी राखल्या गेल्या. सिस्टर आणि केंद्रातले शिपाई मामा गावोगाव विचारत फिरले, पण परत पाठवलेला तो माणूस सापडला नाही. शलाकाही दोनदा जाऊन आली. त्याचं काय झालं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

खाटा भरू लागल्या. भांडणं झाली, एक खिडकीही फुटली. बरे होऊन जाणाऱ्यांचं प्रमाण उतरलं, आणि वरच्या साहेबांनी तिला बोलावून कारण विचारलं. "आता आजारी माणसं यायला लागलीत, सर," असं ती म्हणाली. साहेबांना ते कितपत पटलं, कोण जाणे.

हिरामण पोरीच्या लग्नात मांडवात ताठ उभा होता. शलाका आवर्जून गेली होती, तिने स्वतः पाहिलं. जावयाचे पाय धुताना त्याचे हात कापले नाहीत.

पाठवणी झाली, पाहुणे पांगले, घर रिकामं झालं. आणि हिरामण पुन्हा प्यायला.

सकाळी तो केंद्राच्या फाटकाशी आला, पण आत शिरेना. सिस्टरांनी हाताला धरून आणलं. शलाका त्याच्या खाटेशी गेली, तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. ती औषधं लिहून देऊन निघून आली.

दुपारी ती विहारात गेली. भंते पिंपळाखाली पानं गोळा करत होते.

"भंते, हिरामण परत आलाय."

"आत घेतलंस?"

"घेतलं. औषध सुरू केलंय. पण त्याच्याशी पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मला सुचेना. रागावले तर तो पुन्हा येणार नाही. काही झालंच नाही असं म्हटलं, तर ते खोटं. इतकं शिकले, आणि एक वाक्य नाही माझ्याकडे."

भंतेंनी हातातली पानं बाजूला ठेवली.

"तुझं बसणं कसं चाललंय?"

कॉलेजात असताना श्वासावर लक्ष ठेवून बसायला भंतेंनीच तिला शिकवलं होतं. दरवेळी ती नेमाने सुरू करायची.

शलाकाने मान खाली घातली.

"मोडलं, भंते."

"कधी?"

"खूप दिवस झाले... याआधीही मोडलं होतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

वारा आला. गोळा केलेली पानं थोडी विखुरली. भंतेंनी ती पुन्हा गोळा केली नाहीत. ते झाडाला पाठ टेकून बसले, बाजूची जागा हाताने साफ केली आणि तिच्याकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "आज कुठून सुरू करायचं?"